सात म्हणता येतं, सात ओळखता येत नाही

मोठ्या शिशुवर्गातली बरीच मुलं एक ते पन्नास एका दमात म्हणतात. त्याच मुलांसमोर पाटीवर नुसता ७ लिहिला आणि ‘हा कोणता?’ विचारलं, तर त्यातली काही गप्प होतात, काही अंदाज ठोकतात, आणि काही भिंतीवरच्या तक्त्याकडे धावतात, एकपासून बोट फिरवत म्हणत म्हणत त्या आकड्यापर्यंत पोचतात आणि मग उत्तर देतात. अशा मुलाला मदत कशी करायची, यावर घराघरांत दोन मतं असतात. एक मत सांगतं, पाठांतर वाढवा, गिरवून घ्या. दुसरं सांगतं, आधी मुलाला वस्तू मोजू द्या, आकडे मागाहून येतील. पुढच्या संवादात ही दोन मतं समोरासमोर बसवली आहेत. गुरुजी जिल्हा परिषदेच्या प्राथमिक शाळेतून निवृत्त झालेले, ताई बालवाडी चालवणाऱ्या. विषय आहे गुरुजींच्या साडेपाच वर्षांच्या नातीचा.

गुरुजी : ताई, स्पष्टच बोलतो. नात पन्नासपर्यंत न अडखळता म्हणते. मीच पाठ करून घेतलंय. पण वहीत ७ दाखवला की माझ्या तोंडाकडे बघत राहते. परवा ६ ला तीन म्हणाली. तिच्या शाळेतून निरोप आलाय, घरी सराव घ्या. माझंही तेच म्हणणं आहे. रोज पाटीभर गिरवायला लावतो, दोन वेळा उजळणी घेतो. आमच्या पिढ्यान् पिढ्या अशाच शिकल्या.

ताई : सरावाला माझा विरोध नाही, गुरुजी. सराव कशाचा घ्यायचा, ते आधी ठरवू. तिला पन्नास नावं ओळीने पाठ आहेत. माळेतला एखादा मणी काढून हातात दिला, तर माळ पहिल्यापासून ओढल्याशिवाय तो कितवा ते सांगता येत नाही. तिचं तसं झालंय. सात हे तिच्यासाठी सहानंतर तोंडातून येणारं नाव आहे. ते नाव कशाचं, हे तिला अजून पक्कं कळलेलं नाही.

गुरुजी : कळणं पुढे येतंच. आधी पाठ असावं लागतं. तिसापर्यंत पाढे, पावकी, निमकी, पाऊणकी, सवायकी, दिडकी, औटकी, सगळं आम्ही समजण्याआधी पाठ केलं. पुढे बाजारात गेलो तेव्हा त्याच पाठांतरावर हिशेब तोंडी झाले.

ताई : झाले, कारण पावशेर, अदशेर, शेर ही मापं तुमच्या घरात होती. पावकी म्हणणाऱ्या मुलाने पाव म्हणजे किती हे दूध घालताना, धान्य मोजताना रोज पाहिलेलं असे. पाठांतराला घरातला अनुभव आपोआप जोडला जात होता. आता दूध पिशवीतून येतं आणि किराणा बंद पाकिटातून. मुलीच्या हाताला मोजायला काही लागतच नाही. तोंड पुढे गेलं, हात मागे राहिला. आणि गुरुजी, तुमच्या वर्गातल्या ज्या मुलांना हे जमलं नाही, ती चौथीनंतर कुठे गेली?

गुरुजी : शेतावर. गुरांमागे. खोटं कशाला बोलू.

ताई : म्हणून जमलेल्यांवरून पद्धत पारखता येत नाही. अडलेलं मूल कुठे अडलं, हे पद्धतीने दाखवलं पाहिजे. संख्या ओळखणं म्हणजे तीन गोष्टी एकमेकींना जोडलेल्या असणं. तोंडातलं ‘सात’ हे नाव, समोरचे सात चिंचोके, आणि कागदावरचं ७ हे चिन्ह. यांतल्या कुठल्याही एका गोष्टीपासून निघून उरलेल्या दोन्हींपर्यंत मुलाला पोचता यायला हवं. नातीचा कोणता जोड सैल आहे, ते पाहिल्याशिवाय पानं गिरवून घेतली, तर पक्का असलेला जोडच आणखी पक्का होत राहतो.

गुरुजी : काल तुम्ही तिच्याशी चिंचोके घेऊन खेळत होता, ते हेच का?

ताई : हेच. आधी म्हटलं, मला तीन चिंचोके दे. दिले. चार दे. दिले. सात दे म्हटल्यावर तिने मूठ भरून दिली, मोजलेच नाहीत. मग मी सात चिंचोके ओळीत मांडले आणि मोजायला सांगितले. बोट ठेवून बरोबर मोजले. लगेच विचारलं, मग किती आहेत? तिने पुन्हा एकपासून मोजायला घेतलं. शेवटी उच्चारलेला आकडा हाच सगळ्या ढिगाचा आकडा, हे तिला अजून उमगलेलं नाही. कॅरन विन या मानसशास्त्रज्ञ बाईंनी १९९० च्या सुमारास हाच ‘इतके दे’चा प्रयोग लहान मुलांवर केला. दहापर्यंत म्हणणारी मुलंसुद्धा आधी फक्त ‘एक’ समजून देतात, काही महिन्यांनी ‘दोन’, मग ‘तीन’. त्यापुढे एक दिवस त्यांना मोजण्यातलं इंगित कळतं आणि मग कितीही मागा, मोजून देतात. बऱ्याच मुलांना हे चार वर्षांच्या आसपास कळतं. हिला थोडा वेळ लागतोय. लक्ष द्यायला हवं, घाबरायला नको.

गुरुजी : मोजून झाल्यावर पुन्हा मोजते, हे मीही पाहिलं होतं. मला वाटलं, लक्ष नाही तिचं.

ताई : लक्ष आहे. तिला ‘किती’ हा प्रश्न म्हणजे ‘मोज’ अशी आज्ञा वाटते. रॉचेल गेलमन आणि सी. आर. गॅलिस्टेल यांनी १९७८ साली मोजण्यामागची पाच तत्त्वं मांडली. त्यातली तीन घरच्यांनी लक्षात ठेवावीत. एका वस्तूला एकच नाव. नावांचा क्रम दर वेळी तोच. आणि शेवटचं नाव म्हणजे एकूण किती. यातलं दुसरं तत्त्व तुम्ही उजळणीने पक्कं करून दिलंय, ते फार मोलाचं आहे. पहिलं तिला येतं. तिसरं राहिलंय.

गुरुजी : ते शिकवायचं कसं? पाठ करून तर घेता येणार नाही.

ताई : मोजून झालं की हात सगळ्या ढिगावरून फिरवायचा आणि आपणच म्हणायचं, ‘एक, दोन, तीन, चार, पाच. पाच चिंचोके आहेत.’ पहिले काही दिवस विचारायचंच नाही, सांगायचं. मग चिंचोके पसरायचे, पुन्हा गोळा करायचे, रांगेऐवजी गोल मांडायचे आणि विचारायचं, आता किती? मूल न मोजता ‘पाचच’ म्हणालं, की ते तिसरं तत्त्व त्याचं झालं. आणि तिच्याकडून कामं करून घ्या. घरात चार माणसं जेवायला बसणार, तर चार वाट्या आण. पोळ्या सहा झाल्या का बघ. कामात चूक झाली तर वस्तूच सांगते. वाटी कमी पडली की आजोबांना ओरडावं लागत नाही.

गुरुजी : आणि बोटं? मी तिला बोटांवर मोजू देत नाही. सवय लागते.

ताई : लागू दे. या वयात बोटं हे सगळ्यात जवळचं साधन आहे. एका हाताची पाच, दोन्हींची दहा, ही रचना पुढच्या सगळ्या गणिताला उपयोगी पडते. फक्त आपल्या आज्या अंगठ्याने बोटांची पेरं मोजतात, तसं इतक्यात नको. पेरांवर एका बोटात तीन येतात, लहान मुलाचा गोंधळ होतो. एक बोट म्हणजे एक. आणि बोटं झटकन दाखवायला शिकवा. ‘तीन दाखव’ म्हटलं की एकेक न उघडता एकदम तीन. तीन-चार वस्तू माणसाला न मोजताही नजरेत येतात. फाशावरचे ठिपके, सागरगोटे, पत्त्यावरचे बदाम, यांतून ती नजर तयार होते. पाच म्हणजे तीन आणि दोन, हे तिला दिसायला लागलं की पुढे बेरीज वेगळी शिकवावी लागत नाही.

गुरुजी : ठीक. पण हे सगळं ‘किती’बद्दल झालं. शाळेची तक्रार चिन्हांची आहे. ६ ला तीन म्हणते, त्याचं काय? तिथे तर गिरवण्याशिवाय गत्यंतर नाही.

ताई : तिथे गिरवणं हवंच. पण ६ आणि ३ च का गोंधळतात, ते पाहा. मराठी ३ आरशात धरला तर जवळजवळ ६ दिसतो.

गुरुजी : पाठीला पाठ लावून बसतात, म्हणून तर न पटणाऱ्या माणसांत छत्तीसचा आकडा आहे म्हणतो आपण.

ताई : अगदी तेच. आणि आपल्या नजरेला निसर्गाने असं घडवलंय, की वस्तू डावीकडे तोंड करून असो वा उजवीकडे, ती तीच वाटावी. कपाचा कान कुठल्याही बाजूला असला तरी कप तो कपच. स्तानिस्लास देहान या फ्रेंच मेंदूशास्त्रज्ञाने हे सविस्तर मांडलंय. अक्षरं आणि आकडे शिकताना मुलाला ही मुरलेली सवय मोडावी लागते. म्हणून सहा-सात वर्षांपर्यंत आकडा उलटा लिहिणं किंवा आरशातल्या जोडीदाराशी गल्लत करणं हे सर्रास दिसतं. त्यात आळस नाही, हट्ट नाही. इंग्रजी माध्यमातली मुलंही सुटत नाहीत. त्यांच्याकडे सहा उलटा केला की नऊ होतो.

गुरुजी : मग करायचं काय? आम्ही एक ते दहा ओळीने गिरवून घ्यायचो.

ताई : क्रम बदलायचा. ३ आणि ६ एका आठवड्यात शिकवायचे नाहीत. ३ आधी पक्का करायचा, इतका की तो दिसताक्षणी तोंडात नाव यावं. मग ४, ५. त्यानंतर ६ आणायचा, आणि आणल्यावर दोघांना शेजारी ठेवून फरक तिलाच शोधायला लावायचा. १ आणि ९ चंही तसंच. शून्य नऊच्या मागून आणायचा नाही. डबीत चिंचोके मोजायचे, मग सगळे काढून घ्यायचे आणि रिकाम्या डबीवर ० ची चिठ्ठी लावायची. मॉन्टेसरी बाईंच्या साधनांत काड्या ठेवायची पेटी असते, तिच्यात शून्याचा कप्पा मुद्दाम रिकामाच ठेवतात.

गुरुजी : आणि गिरवणं?

ताई : पेन्सिलीने नंतर. आधी बोटाने. मॉन्टेसरींनी १९०७ साली रोममध्ये पहिलं बालगृह काढलं. त्यांच्या पद्धतीत खरखरीत कागदाचे आकडे कापून पाटीवर चिकटवतात, मूल त्यांवरून बोट फिरवतं.

गुरुजी : आपल्याकडे धूळपाटी होती की! पाटीवर धूळ पसरायची आणि बोटाने आकडा काढायचा. चुकला तर हात फिरवून मोडायचा. माझ्या वडिलांनी तसंच शिकवलं मला.

ताई : मग ताटात बारीक रवा घ्या आणि नातीला शिकवा. हाताला वळण लागतं, चूक राहत नाही, आणि पानावर लाल रेघ ओढायची वेळ येत नाही. कुठून सुरुवात करायची, कुठल्या दिशेने वळायचं, हे बोलत बोलत दाखवा. आकडा काढला की लगेच तितके चिंचोके शेजारी ठेवा. चिन्ह आणि नग एकत्र आले की तिसरा जोड बांधला जातो. ताराबाई मोडक आणि अनुताई वाघ यांनी १९४५ पासून बोर्डीत आणि पुढे कोसबाडला बालशिक्षणाचं जे काम केलं, त्यात पानं, बिया, शंख, खडे हीच साधनं होती. महागडे खेळ घ्यायची गरज नाही.

गुरुजी : माझ्या मुलाने तिच्यासाठी फोनवर काहीतरी घेतलंय. आकडे नाचतात, गातात.

ताई : त्यात इंग्रजी आकडे असतील, आणि तुमच्या पाटीवर मराठी. याचाही विचार करा. मराठी १ इंग्रजी नऊसारखा दिसतो, मराठी ४ इंग्रजी आठसारखा. मोठ्यांना ते लक्षातही येत नाही. अडखळणाऱ्या मुलासमोर दोन्ही संच एकदम आले, तर ते बरोबर वाचूनही चुकीचं ठरतं. तिच्या शाळेत जे आकडे चालतात, ते आधी पक्के करा. दुसरे सहा महिन्यांनी सांगितले तरी चालतील. तेव्हा ते पटकन येतात, कारण संख्या कळलेली असते, फक्त नवं चिन्ह शिकायचं असतं.

गुरुजी : रस्त्यात तर दोन्ही दिसतात. बसवर, घरांवर, दुकानांवर. मी फिरायला नेतो तेव्हा वाचायला लावतो.

ताई : वाचा जरूर, पण एक लक्षात ठेवा. बसवरचा ७ म्हणजे सात बस नव्हेत. धोनीच्या पाठीवरचा ७ म्हणजे सात धोनी नव्हेत. ते आकडे नावासारखे वापरलेत. ज्या मुलाला सातचं ‘किती’ अजून पक्कं नाही, त्याने आधी ज्या आकड्यातून ‘किती’ कळतं तोच जास्त पाहावा. वाढदिवसाच्या केकवरचा ६ आणि सहा मेणबत्त्या. डबीवरचा ५ आणि आत पाच लाडू.

गुरुजी : ताई, आता माझी बाजू ऐका. तुमच्या खेळांतून आकडे येतात असं म्हणता. मी पस्तीस वर्षं वर्ग सांभाळले. खेळून मुलं आनंदी होतात हे मान्य. पण आज चिंचोके, उद्या रवा, परवा पाहुणे आले म्हणून सुट्टी, असं झालं तर काही टिकत नाही. रोज ठरलेल्या वेळी बसणं, कालचं आज पुन्हा विचारणं, आठवड्याने पुन्हा विचारणं, हे झाल्याशिवाय मुलाच्या डोक्यात काही मुरत नाही. नव्या पद्धतीच्या उत्साही शिक्षिका मी पाहिल्यात. साधनं रंगीत असतात आणि उजळणी कोणी घेत नाही.

ताई : हे तुमचं पूर्ण खरं आहे, आणि आमच्याकडे तिथेच ढिलाई होते. पुन्हा पुन्हा आठवायला लावल्याशिवाय चिन्ह पक्कं होत नाही. मला सांगा, तुम्ही वर्गात उजळणी कशी घ्यायचा?

गुरुजी : रोज दहा मिनिटं. जुनं जास्त, नवं थोडं. सगळ्यांना येतं त्यापासून सुरुवात, म्हणजे हुरूप राहतो.

ताई : तेच इथे करा. चिठ्ठ्यांवर आकडे लिहा. चार ओळखीचे, एक नवा. ओळीने नव्हे, पिसून. ‘असर’ या शिक्षणविषयक पाहणीत गावोगावच्या मुलांना आकडे वाचायला देतात, तेही क्रमाने नसतात, कारण क्रमाने लावले की मूल वाचतं आहे की म्हणतं आहे ते कळत नाही. पहिला टप्पा ‘सात कुठला, बोट ठेव’. तो सोपा असतो. दुसरा टप्पा ‘हा कुठला?’ तो अवघड, कारण नाव स्वतः आठवायचं असतं. पहिल्या टप्प्यात भरवसा आला की दुसऱ्यावर जा. अडली तर दोन-तीन सेकंद थांबून उत्तर सांगून टाका, चिठ्ठी गड्डीत परत घाला आणि दोन चिठ्ठ्यांनंतर पुन्हा काढा.

गुरुजी : सांगून टाकायचं? मग डोकं कधी चालवणार?

ताई : आकड्याचं नाव डोकं चालवून सापडत नाही, गुरुजी. ७ ला सात म्हणायचं हे माणसांनी ठरवलंय. ते कोणीतरी सांगावंच लागतं. सात आणि एक किती होतील, तिथे डोकं चालवू द्या, तिथे वाट पाहा. नाव विसरलेल्या मुलाकडे रोखून बघत राहिलं, तर त्याला ७ ची आठवण होत नाही, भीतीची होते. पाहुणे आले की ‘आजोबांना शंभरपर्यंत म्हणून दाखव’, ‘काकांना हा आकडा सांग’ हेही काही महिने बंद ठेवा.

गुरुजी : तेवढं मान्य. आणि माझी उजळणी? ती पन्नासपर्यंत म्हणते, ते वाया गेलं म्हणायचं का?

ताई : मुळीच नाही. तीच आता कामाला लावायची. अंगणात खडूने एका रेषेत दहा घरं आखा, एक ते दहा आकडे लिहा. फासा टाकायचा आणि उड्या मारत जायचं. नियम एकच, ज्या घरात पाय पडेल त्याचा आकडा म्हणायचा. ४ वर उभी असेल आणि दोन पडले, तर ‘एक, दोन’ म्हणायचं नाही, ‘पाच, सहा’ म्हणायचं. अमेरिकेत रॉबर्ट सीगलर आणि गीता रमाणी यांनी २००८ साली गरीब घरांतल्या बालवाडीच्या मुलांना अशी सरळ पट्टी देऊन सगळं मिळून तासाभराचा खेळ खेळायला दिला. त्या मुलांचं आकडे ओळखणं सुधारलं, मोजणं सुधारलं, आणि दोन आकड्यांतला मोठा कोणता हेही त्यांना जास्त बरोबर सांगता आलं. दोन महिन्यांनी पाहिलं तरी ते टिकलं होतं. त्याच खेळात आकड्यांऐवजी रंगांची घरं असलेल्या मुलांत हा फरक पडला नाही.

गुरुजी : मग सापशिडी आहेच की घरात.

ताई : ती नंतर. सापशिडीत एक ओळ उजवीकडे जाते, पुढची डावीकडे वळते, आणि शंभर घरं. तिला आधी सरळ रेषा द्या, म्हणजे आकडा जितका मोठा तितका लांब, हे पायांनी कळेल. तुमच्या पाठांतरामुळे पुढचं नाव तिला आपोआप सुचेल आणि समोर चिन्हही असेल. नावांची रांग चिन्हांच्या रांगेवर बसेल.

गुरुजी : दहापर्यंतच का पण? शाळेने शंभरपर्यंत मागितलंय.

ताई : केंद्र सरकारचं ‘निपुण भारत’ अभियान २०२१ च्या जुलैत सुरू झालं. त्यात बालवाटिकेच्या, म्हणजे पहिलीच्या आधीच्या वर्गाच्या, अखेरीस अपेक्षा दहापर्यंतचे आकडे ओळखण्याची आहे. नव्व्याण्णवपर्यंतचं लक्ष्य पहिलीचं. साडेपाच वर्षांच्या मुलीला शंभराची चौकट भरायला लावली, तर ती उभ्या रांगेत आधी सगळे १, मग सगळे २ लिहून काढते. पान भरतं, पण त्यातली एकही संख्या तिने पाहिलेली नसते. दहापर्यंतच्या संख्या पक्क्या झाल्या की पुढच्या नव्वदांचं काम पुष्कळ हलकं होतं.

गुरुजी : पुढच्यांचा विषय निघालाच, तर तेही बोलून घेऊ. २०१९ साली बालभारतीच्या दुसरीच्या पुस्तकात ‘वीस एक, वीस दोन’ आलं, तेव्हा मला फार वाईट वाटलं. एकवीस, बावीस ही आपली नावं. ती का मोडायची?

ताई : मोडली नव्हती, दोन्ही दिली होती. गणित समितीच्या अध्यक्ष तेव्हा मंगला नारळीकर होत्या. स्वतः गणितज्ञ, आणि मुलांना गणित शिकवण्याची मनापासून तळमळ असलेल्या. त्यांची अडचण खरी होती. आपण बोलतो ‘पंचवीस’, म्हणजे आधी पाच, मग वीस. लिहितो मात्र २ आधी, ५ मागून. म्हणून मूल ऐकतं पंचवीस आणि लिहितं ५२. एकोणतीस म्हटलं की त्याला तीस ऐकू येतं आणि ते ३९ लिहितं. एकोणीस ते एकोणनव्वद अशी आठ नावं आपल्याकडे पुढच्या दशकाची चाहूल देतात आणि नव्व्याण्णव पुन्हा निराळं. कन्नडमध्ये वीस म्हणजे इप्पत्तु आणि एकवीस म्हणजे इप्पत्तोंदु, वीस-एक. चिनी भाषेत अकराला दहा-एक म्हणतात. चिनी आणि अमेरिकी लहान मुलांची तुलना केली, तेव्हा दहापर्यंत मोजण्यात फारसा फरक नव्हता. अकरापासून पुढे अमेरिकी मुलं मागे पडू लागली.

गुरुजी : अडचण मान्य. तरी उपाय मला पटत नाही. घरात, बाजारात, एस्टीत सगळीकडे बावीसच म्हणणार. मुलाला दोन भाषा का शिकवायच्या? जर्मन लोकही आधी पाच मग वीस म्हणतात असं मी वाचलंय. त्यांचं गणित काही बुडालं नाही.

ताई : म्हणतात, आणि त्यांच्या लहान मुलांच्याही लिहिताना अशाच चुका होतात. थोडा जास्त वेळ लागतो, मग जमतं. मला ‘वीस दोन’ कायमचं नाव म्हणून नकोय. मला ते मधल्या पायरीसाठी हवंय. दहा-दहा काड्यांच्या दोन जुड्या आणि दोन सुट्या काड्या समोर ठेवून ‘वीस आणि दोन, बावीस’ असं एका श्वासात म्हटलं, तर नाव तेच राहतं आणि आतली रचना दिसते.

गुरुजी : काड्यांच्या जुड्या आम्हीही बांधायचो. ‘वीस आणि दोन, बावीस’ एवढं मी म्हणेन. पुस्तकात छापायला माझा विरोध राहील.

ताई : राहू दे. नातीचं काम तेवढ्याने भागतं. आणि हा प्रश्न तिच्यासाठी पुढच्या वर्षीचा आहे.

गुरुजी : एक भीती आहे मनात. तिच्या बाबतीत हे नुसतं उशिरा येणं नसेल तर?

ताई : विचारलंत ते बरं झालं. आधी डोळे आणि कान तपासून घ्या. आकडा अंधुक दिसत असेल, किंवा ‘सात’ आणि ‘आठ’ सारखेच ऐकू येत असतील, तर दोष गणिताचा नाही. मग सहा महिने नीट, न रागावता प्रयत्न करा. सात-आठ वर्षांची झाल्यावरही तिला समोरचे तीन चिंचोके मोजावे लागले, दोन छोट्या ढिगांतला मोठा कोणता ते सांगता आलं नाही, शिकलेला आकडा पुन्हा पुन्हा पुसला गेला, तर तज्ज्ञांकडे जायचं. गणनेतल्या या अक्षमतेला डिस्कॅल्क्युलिया म्हणतात. साधारण ३ ते ७ टक्के मुलांत ती आढळते आणि बुद्धीशी तिचा संबंध नाही. २०१६ च्या दिव्यांग हक्क कायद्यात अध्ययन अक्षमतांचा समावेश आहे, त्यामुळे शाळेत सवलती मिळतात. मुंबईत सायनच्या लोकमान्य टिळक रुग्णालयात अशा मुलांची तपासणी होते. पण साडेपाचाव्या वर्षी शिक्का मारू नका. या वयात मुलामुलांत वर्षभराचं अंतर सहज असतं.

गुरुजी : म्हणजे वाट पाहायची.

ताई : नुसती वाट नाही पाहायची. शिकवत शिकवत पाहायची, आणि काय जमलं ते टिपून ठेवायचं. पुढे तज्ज्ञांकडे जावं लागलं, तर तुमची ती वहीच सगळ्यात उपयोगी पडेल. ‘येत नाही’ असं लिहू नका. ‘चारपर्यंत मोजून देते, ३ आणि ६ उलटसुलट होतात, ७ बोट ठेवून दाखवते पण नाव आठवत नाही’ असं लिहा. काय शिकवायचं ते त्या वाक्यांतूनच ठरतं.

गुरुजी : मग असं करतो. सकाळी दहा मिनिटं चिठ्ठ्या, चार जुन्या एक नवी. दुपारी जेवायच्या वेळी वाट्या आणि पोळ्या तिच्याकडे. संध्याकाळी अंगणात दहा घरं. रविवारी रव्याचं ताट. सध्या १ ते ५ पक्के, ६ आत्ता नाही. उजळणी म्हणायला लावीन, पण आकड्यावर बोट ठेवून. फोनमधले नाचरे आकडे बंद. चालेल?

ताई : उत्तम चालेल. आणि आठवड्यातून एकदा तुम्ही मुद्दाम चुका. सहा चिंचोके ठेवून ‘सात आहेत’ म्हणा. ती तुम्हाला दुरुस्त करते का बघा. ज्या दिवशी ती ‘आजोबा, एक कमी आहे’ म्हणेल, त्या दिवशी वहीत तारीख लिहा. त्याच आठवड्यात ७ ची चिठ्ठी गड्डीत घाला.

गुरुजी : आणि पाढे?

ताई : दोनाचा पाढा दुसरीत, चपलांच्या जोड्या मांडून. तिसापर्यंतचे पाढे मात्र तुमच्याकडूनच शिकू दे तिला. तोवर आकडा दिसला की तिच्या मनात ‘किती’ उभं राहायला लागलं असेल, मग पाठांतर जितकं द्याल तितकं ती पेलेल.